नांगर फिरलेलं परडं

आमच्या घरी वैशाखात भाजी नसायची. शेवग्याचा पाला असायचा, पण खालच्या फांद्या ओरबाडून झाल्या की तोही संपायचा. मग नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि थंडीत वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला. आषाढात डोंगरावर कोळू आणि टाकळा उगवे, तो खुडून आणायचा. श्रावणात करटुली. भादव्यापासून परड्यातलं यायला लागे, भेंडी, दोडका, काकडी, पडवळ, लाल भोपळा. दिवाळीनंतर पावट्याच्या शेंगा. एकदा हंगाम गेला की ती भाजी पुढच्या वर्षापर्यंत तोंडाला लागायची नाही. आता लोक याचं फार कौतुक करतात. जे उगवलं ते खाल्लं, कारण दुसरं नव्हतं. चव होती, हे मात्र खरं.

आमचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. भोरला जायचं तर खिंड चढून पलीकडे उतरायचं. पहाटे निघालं तर दिवस मावळायच्या आत उत्रोलीला पोचायचं. उत्रोलीत माझी मावशी दिली होती. तिच्याकडे रात्र काढायची आणि सकाळी भोर. भोर तेव्हा संस्थान होतं. कचेरी होती, शाळा होती, आणि कचेरीत काम करणाऱ्या लोकांची घरं होती.

माझी आई वर्षातून एकदाच भोरला जायची, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला. त्या दिवशी भोरातल्या बायका उपास करत. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा त्याचा नेम. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, मोटेच्या पाण्यावरचं काही नाही. माणसानं हातानं खणून, हातानं लावून जे पिकवलं असेल तेवढंच. सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या, त्यात तिखट नाही, फोडणी नाही. बायकांचा विटाळाचा दोष जावा म्हणून हे करतात, असं मला नंतर कळलं. आमच्या गावात हा उपास कोणी धरत नव्हतं. बैलाचं नाही खायचं तर मग आम्ही खाणार काय? भात बैलाचा, नाचणी बैलाची.

पण घरामागचं परडं आईचं होतं. गोठ्याच्या मागे उतारावर चार वाफे निघतील एवढी जागा. तिथं आई बैल येऊ द्यायची नाही. ज्येष्ठ लागायच्या आधी ती कुदळीनं सगळं खणायची. ढेकळं हातानं फोडायची, शेणखत पाटीतून डोक्यावर आणून पसरायची. आमची जमीन मुरमाड, कुदळ मारली की खणखण वाजायची. बाप म्हणायचा, अर्ध्या दिवसाचं नांगराचं काम, तू पंधरा दिवस करतीस. आई म्हणायची, माझी पंचमीची भाजी हाय ती. पंचमीच्या भाजीला भोरात मान होता. त्या बदल्यात मीठ, गूळ, जुनी लुगडी, वर्षाची काडेपेटी आणि घासलेट असं बरंच काही घरी यायचं.

भोरात एक घर आईचं खास होतं. त्या घरातला मालक कचेरीत कारकून होता. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, आईही वहिनीच म्हणायची. वहिनींनी पंचमीचं व्रत सात वर्षांचं धरलं होतं, आणि पहिल्या वर्षापासून त्यांच्या पानात आईचीच भाजी होती. आम्हाला घरात जायची पद्धत नव्हती. अंगणात पाटी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. वहिनी ओसरीवरून खाली उतरून पाण्याचा शिंतोडा मारायच्या आणि मग भाजी उचलायच्या. पूजा झाल्यावर ओसरीवर बसून त्या पोथीतली कहाणी वाचायच्या. आई अंगणात तुळशीजवळ बसून ती ऐकायची. कहाणीतला बाप मरून बैल होतो आणि लेकाच्याच घरी राबतो. आई दर वर्षी ती ऐकून घरी येऊन आम्हाला सांगायची, आणि दर वर्षी मधलं काहीतरी विसरायची. यावरून ती चिडायची. कागदावर असतं ते बाईला तोंडपाठ करावं लागत नाही, हे तिच्या मनात फार बसलं होतं.

सहाव्या वर्षी तिनं धीर करून वहिनींना विचारलं. माझी पोरगी ठेवून घ्याल का, वरकाम करील, तुमचं लहान मूल सांभाळील, मुलींच्या शाळेत तेवढी जाऊ द्या. वहिनी म्हणाल्या, पुढच्या पंचमीला घेऊन ये, माझं उद्यापनही तेव्हाच आहे. सासूबाईंना विचारते. पुढे कोणाच्या तरी हाती निरोप आला की घेऊन ये. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. आमच्या गावात शाळा नव्हती. मला शाळेचं काही वाटत नव्हतं. रोज गूळ मिळेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईला मात्र वर्षभर दुसरं काही सुचत नव्हतं. जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायची, माझी लेक भोरात शिकाया जाणार हाय.

त्या वर्षी वैशाखात आई बाळंत झाली. मूल जगलं नाही. आईला ताप भरला आणि तो उतरेना. ती आतल्या खोलीत पडून असायची आणि मला सांगायची, परड्यातली ढेकळं फोडाया घे. मी कुदळ उचलायची, दोन घाव घालायची आणि बसायची. ती कुदळ माझ्याहून जड होती. ज्येष्ठ निम्मा सरला तरी परडं तसंच पडलेलं.

एक दिवस बापानं खाचरातून बैल घरी आणले ते सरळ गोठ्यात न बांधता परड्यात घातले. गडग्याचे दगड काढून वाट केली. आईला आतून बैलाच्या घुंगराचा आवाज ऐकू आला. तिनं मला हाक मारून विचारलं, आवाज कुठनं येतोय. मी सांगितलं, परड्यातनं. ती भिंतीला धरून उठली, मागच्या दारापर्यंत आली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. तोवर अर्धं परडं उलथून झालं होतं.

बाप म्हणाला, "आता खणशील तर मरशील. एक मूल गेलं तेवढं पुरं."

 आईला उलट बोलण्याएवढी ताकद नव्हती आणि बापाचं खोटं नव्हतं. बाप नांगर फिरवत राहिला. संध्याकाळी त्यानं गडग्याचे दगड पुन्हा नीट रचून ठेवले.

त्या वर्षी परड्यात जी भाजी आली तशी कधी आली नव्हती. नांगरानं जमीन खोल उलथली होती, मुळं खाली गेली. दोडके हातभर लांब. भेंडी खुडून खुडून बोटं खाजायची. लाल भोपळे मांडीएवढे. शेजारणी गडग्यावरून बघून जायच्या आणि म्हणायच्या, देवानं एका हातानं नेलं, दुसऱ्या हातानं दिलं. आई ऐकून घ्यायची. श्रावण संपत आला तशी ती हिंडूफिरू लागली, आणि रोज परड्यात जाऊन नुसती उभी राहायची.

बाप समजूतदार माणूस होता. त्यानं एकदा शांतपणे विषय काढला. आपण तिघं सोडून कोणाला ठाऊक नाही. पोरीचं ठरलंय ते मोडू नको. आजारपणात झालं, मुद्दाम केलं नाही. देव एवढा बारीक बघत नाही. आई म्हणाली, बघू. तिनं बघू म्हटलं की ती ऐकणार नाही हे आम्हाला माहीत होतं, पण ती काय करणार हे तिलाही ठरवता येत नसावं.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन डोंगरावर गेली. तिथं आम्ही दिवसभर हिंडलो. करटुली गोळा केली. भारंगीची फुलं खुडली, कुर्डूचे कोवळे शेंडे घेतले, ओढ्याकडेचं तेरं, म्हणजे रानातलं अळू, कापून घेतलं. मी विचारलं, एवढं कशाला, परड्यात ढीग पडलाय. ती म्हणाली, गप खूड. घरी येऊन तिनं दोन पाट्या भरल्या. एक परड्यातली, मोठी. एक रानातली, लहान, ती माझ्या डोक्यावर.

गणपतीच्या दिवशी पहाटे निघालो. खिंडीत पाऊस होता, पाट्यांवरून पानांची इरली पांघरली होती. आई अजून नीट भरली नव्हती, चढावर दर थोड्या वेळानं पाटी उतरवून बसायची. संध्याकाळी मावशीकडे पोचलो. मावशी म्हणजे तोंडानं फटकळ बाई. तिनं पाट्या बघितल्या आणि विचारलं, ह्यो पाला कशाला गं आणलास, भोरात शेळ्या हाईत व्हय? मग आईनं तिला सगळं सांगितलं. मावशी हसायलाच लागली.

"अगं येडे, बैल येणार हाय व्हय साक्ष द्यायला?"

आई म्हणाली, बैल नाही येणार. मावशीनं तिला बराच वेळ समजावलं. भोराभोवतीच्या कितीजणी पंचमीला भाजी विकतात, त्यातल्या कितीजणी हातानं खणतात, आपण काय बघायला जातो? घेणाऱ्या बाईचा भाव खरा असला की झालं. तू सांगितलंस तर तिचं व्रत बुडालं आणि तुझ्या पोरीची शाळाही. न सांगितलंस तर दोघींचं भलं. मावशीचं बोलणं मला पटलं होतं. मी गुळाचा विचार करत होते. आई भाकरी खात होती, ती म्हणाली, तुझी भाकरी करपलीय. तेवढंच.

सकाळी आम्ही भोरात गेलो. आईनं ओढ्यावर माझं तोंड धुतलं, केस चापून बसवले, आणि घरून आणलेलं धुवट परकर-पोलकं मला घातलं. वहिनींच्या दाराशी मी त्या कपड्यांत अवघडून उभी राहिले. आत गणपती बसला होता, धुपाचा वास येत होता. वहिनी ओसरीवर आल्या, माझ्याकडे बघून हसल्या. ही का ती, म्हणाल्या. त्यांची सासू मागे झोपाळ्यावर बसली होती. तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरल्या.

आई म्हणाली, "वैनी, पाणी मारू नगा. आधी ऐका. ह्या मोठ्या पाटीतलं परड्यातलं हाय. यंदा त्याच्यावर नांगर फिरलाय. म्या आजारी होते. ही बारकी पाटी रानातली. हिला बैल ठावं न्हाई."

वहिनींचा हात तसाच राहिला. त्यांनी मोठ्या पाटीकडे बघितलं. वरती काकड्या ठेवल्या होत्या, कोवळ्या, पांढुरक्या. मग त्यांनी लहान पाटीकडे बघितलं. दोन रात्रींत कुर्डू कोमेजून गेला होता.

झोपाळा थांबला. थोरल्या बाई म्हणाल्या, "आणि मागची सहा वर्षं?"

"ती हातानं खणलेली," आई म्हणाली.

"कशावरून?"

आईला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं, या वर्षीच्या भाजीवरून बोलणं होईल. वहिनींच्या तोंडावरून मला दिसलं की हा विचार त्यांच्याही मनात आला नव्हता, पण आता आला होता. सहा वर्षांचं व्रत. 

"माझ्या सांगण्यावरून," आई म्हणाली. "आजचं बी माझ्या सांगण्यावरूनच कळलं न्हवं?"

थोरल्या बाई म्हणाल्या, आज अंगावर आलं म्हणून सांगतेस. त्यांचं म्हणणं असं की कोणीतरी नांगर बघितला असेल, गवगवा झाला असेल, म्हणून हिला सांगणं भाग पडलं.  थोरल्या बाईंनी वहिनींना सांगितलं, कोपऱ्यावरच्या बाईकडून भाजी मागवा आणि या दोघींना जाऊ द्या. तो पाला माझ्या चुलीवर चढणार नाही.

 वहिनींनी तांब्यातलं पाणी घेऊन लहान पाटीवर शिंपडलं. थोरल्या बाईंकडे न बघता त्या म्हणाल्या, "व्रत माझं आहे. मी मागच्या अंगणात तीन दगड मांडून शिजवीन." आणि आईला विचारलं, हे कसं शिजवायचं.

आईनं सांगितलं. तेऱ्याला चिंच घाला, नाहीतर घसा खाजवील. भारंगीची फुलं उकळून पाणी टाकून द्या, कडू असतात. करटुली नुसती चालतील. वहिनी एकेक गोष्ट पुन्हा म्हणून घेत होत्या. थोरल्या बाई उठून आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की तो पाला तुझ्या व्रताचा, पण ती पोर या घरात राहणार नाही. जिच्या आईच्या शब्दाचा भरवसा नाही तिला मी चुलीपाशी फिरू देणार नाही.

आता वहिनी काही बोलतील असं मला वाटलं. त्या बोलल्या नाहीत. एकाच दिवशी सासूपुढं दोनदा उभं राहणं त्या घरात होणारं नव्हतं. त्यांच्या वाट्याला एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी भाजीवर खर्च केली होती. मला त्यांचा राग आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यांनी आत जाऊन केळीच्या पानात दोन मोदक आणून माझ्या हातात वरून टाकले आणि आईला म्हणाल्या, पुढं बघू. आई म्हणाली, व्हय. पुढं बघण्यासारखं काही नाही हे दोघींना ठाऊक होतं. सातवं वर्ष संपलं की व्रत संपणार होतं, आणि व्रत संपलं की भाजीची गरजही.

मोठी पाटी आईनं भोरात विकली नाही. पंचमीच्या दिवशी ती भाजी घेऊन बसलं की बायका हातची समजूनच घेणार, आणि प्रत्येकीला सांगत कुठं बसायचं. ती पाटी तशीच उचलून आम्ही परत उत्रोलीला आलो.  रस्त्यात मी मोदक खाल्ले. एक आईला देऊ केला होता, तिनं घेतला नाही.

मावशीनं पाटी बघूनच ओळखलं. तिनं शिव्या घातल्या. आईनं सगळी भाजी तिच्या ओट्यावर ओतली आणि म्हणाली, "हिला तू ठेव. हितनं शाळा लांब न्हाई."

मावशीची चार पोरं होती. तिला पाचवं तोंड नको होतं, हे तिनं स्पष्ट सांगितलं. आईनं तिची मनधरणी अशी केली नाही. ती नुसती बसून राहिली. शेवटी मावशी म्हणाली, राहू दे, पण लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शाळा नाही, आधी खाचर. दुसऱ्या दिवशी पहाटे आई उठली आणि तशीच निघाली. खिंडीच्या वाटेला लागेपर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही. मी रडले नाही. भोपळे फार होते, मावशीनं लगेच मला ते आत नेऊन ठेवायला लावले.

मावशीकडे मी चौथीपर्यंत शिकले. वर्षातले तीन-चार महिने शाळा बुडायची, तरी पास होत गेले. मावशीनं मला राबवलं, पण उपाशी ठेवलं नाही. शाळेला जाताना वहिनींच्या दारावरून वाट होती. कधी त्या ओसरीवर दिसल्या तर मान हलवायच्या. व्रताबद्दल, भाजीबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. त्यांनी त्या दिवशी मागच्या अंगणात एकटीनं बसून ती भाजी खाल्ली आणि उद्यापन पुरं केलं, हे त्यांच्या शेजारच्या मुलीनं मला शाळेत सांगितलं. घसा खाजवला का, ते तिला माहीत नव्हतं.

आईनं पंचमीची भाजी सोडली. बापानं आईला दोष दिला नाही, पण तो त्या साली दिवाळीपर्यंत तिच्याशी मोजकंच बोलत होता असं मला नंतर कळलं. त्यानं आईला वाचवायला नांगर घातला होता, आणि तिनं तो चव्हाट्यावर नेला. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला राग यायलाच हवा होता. पुढच्या ज्येष्ठात त्यानं विचारलं, नांगर फिरवू का. आई म्हणाली, फिरवा. मग दर वर्षी फिरला. आई भाजी नसरापूरच्या बाजाराला नेऊ लागली, साधी भाजी म्हणून. गुळामिठाची ददात पडली, पण घरी खायला जास्त मिळू लागलं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी मी आईला विचारलं, तू का सांगितलंस. मला वाटत होतं, ती देवाचं नाव घेईल, नाहीतर वहिनींच्या व्रताचं. ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुला ठावं हुतं न्हवं, बैल परड्यात घातल्याचं. तू त्या घरात राह्यली असतीस. रोज त्यांचं खाल्लं असतंस. आणि रोज ते पोटात धरून बसली असतीस. एवढ्याशा पोरीनं कुठवर धरायचं?"

तिनं देवाचा विचार केला नव्हता आणि वहिनींचाही फारसा नाही. मी ते पोटात ठेवू शकले असते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मोदक चांगले होते. त्या घरात राहायला मला आवडलं असतं.